नंबर लावलेली माणसं : शाहूपुरीतल्या एका मोटार एजन्सीच्या नोंदी

९ जून २०२४

बाबांची गाडी उद्यमनगरात रंगाला दिली. फियाट अकराशे, डिलाइट, १९७० ची. गेली बारा वर्षं ती कागलच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. त्यामुळे रंगापेक्षा पत्र्याचंच काम जास्त निघणार, हे ठाऊक होतं. दुपारी मिस्त्रींच्या पोऱ्यानं डॅशबोर्ड सोडवला आणि एक पट्टी आणून माझ्या हातात ठेवली. बोटभर लांब, अर्धं बोट रुंद, दोन टोकांना दोन भोकं. आधीच्या रंगवाल्यानं ती न काढता वरूनच फवारा मारला होता. थिनरच्या बोळ्यानं घासली तेव्हा खालून इंग्रजी अक्षरं वर आली : एजन्सीचं नाव, शाहूपुरी, कोल्हापूर, आणि तीन आकडी फोन नंबर. मागच्या बाजूला कशानं तरी ४१ कोरलंय.

(नाव मी या नोंदींतून नंतर काढलं. कारण १८ ऑगस्टच्या नोंदीत आहे. इथून पुढं नुसतं ‘एजन्सी’.)

शाहूपुरीत मोटारीची एजन्सी होती, एवढं लहानपणी ऐकलेलं. कुठं, कुणाची, कधीपर्यंत, काही पत्ता नाही. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, “व्हती की. मारुतीनं मारली तिला.” आणि परत पत्रा ठोकायला लागले.

११ जून

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ती करून घ्यावी म्हणून बाबांची ट्रंक उघडली. आर.सी. बुक मिळालं, कडेनं कसरीनं खाल्लेलं, पण वाचता येतंय. पहिला मालक म्हणून बाबांचं नाव नाही! शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्याचं आहे, डिसेंबर १९७०. बाबांचं नाव पुढच्या पानावर, मार्च १९७३, ट्रान्सफरच्या शिक्क्याखाली.

घरात आम्हाला कायम सांगितलं गेलं होतं की आपण नंबर लावून नवी कोरी घेतली. अक्काला फोन केला. ती तेव्हा आठ वर्षांची होती. “नवीच होती रे. सीटवरचं प्लॅस्टिक मी दातानं फाडलं होतं, त्यासाठी मार खाल्लाय,” म्हणाली.

आता हे दोन प्रश्न झाले. एक एजन्सीचा, एक आमच्या घरचा. पहिला सोडवता सोडवता दुसरा सुटेल असं धरून चाललोय.

१६ जून

शाहूपुरीत दोन तास पायी. व्हीनस कॉर्नरपासून सुरुवात करून प्रत्येक गल्लीत म्हाताऱ्या दुकानदारांना विचारत गेलो. तिघांनी तीन जागा दाखवल्या. तिघांचंही कारण मात्र एकच : “मारुती आली, मग कोण घेतंय फियाट?”

त्यातली एक जागा खरी वाटते. आता तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स आहे, खाली मोबाइलची दुकानं आणि झेरॉक्स. पण फुटपाथवरून दुकानाच्या उंबऱ्याकडं चढणारा घडीव दगडाचा उतार अजून आहे. साडी नाही तर मोबाइल विकायला असा उतार कुणी बांधत नाही. दगडावर चाकांच्या अंतरानं दोन गुळगुळीत पट्टे पडलेत. खिशातल्या टेपनं मोजले आणि उद्यमनगरात जाऊन फियाटच्या चाकांमधलं अंतर मोजलं. जुळतंय. अर्थात ते दुसऱ्या शंभर गाड्यांशीही जुळेल.

२३ जून

करवीर नगर वाचन मंदिरात. १८५० पासूनची संस्था, इथं जुनं काही शोधायचं तर पहिली पायरी हीच. दिवसभर एका स्थानिक दैनिकाच्या बांधीव फायली चाळल्या. धुळीनं डोळे चुरचुरताहेत, पण आजचा दिवस वसूल.

१९५२ च्या दिवाळीच्या सुमाराला अर्ध्या कॉलमची जाहिरात : शेव्हरोले, व्हॉक्सहॉल, बेडफर्ड. “मोटारी व ट्रक तयार मिळतील.” १९५६ च्या फायलीत तीच एजन्सी, तोच फोन, गाड्या मात्र सगळ्या बदललेल्या : फियाट, डॉज आणि फार्गो ट्रक. “तयार मिळतील” गेलं. त्या जागी “नोंदणी चालू आहे.”

या दोन जाहिरातींच्या मध्ये काय झालं ते कोल्हापुरात शोधून सापडणार नाही, ते दिल्ली-मुंबईत झालं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईला शिवडीत गाड्या जोडत होती. सुटे भाग बोटीनं यायचे, इथं फक्त जोडणी. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही. ज्यांना भाग इथंच बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघींनी १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. उरल्या त्यात कुर्ल्याची प्रीमियर, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली. आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो, मग इटलीच्या फियाटशी करार, आणि १९५४ पासून फियाट अकराशे. पहिली ती गोलमटोल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. आपल्याकडं तिला डुक्कर फियाट म्हणतात, अजूनही.

वालचंद सोलापूरचे. एजन्सीच्या मालकांनी मुंबईत खेटे घालून फियाट मिळवली तेव्हा या शेजारपणाचा उपयोग झाला असेल का? पुरावा शून्य. लिहून ठेवलं, खोडत नाही.

३० जून

वाचनालयाला सुट्टी. मी बघून गेलो नव्हतो.

७ जुलै

मिस्त्रींनी मंगळवार पेठेतल्या एका म्हाताऱ्यांचा पत्ता दिला. वय ८४, एजन्सीच्या वर्कशॉपमध्ये १९५८ ला पोऱ्या म्हणून लागले, शेवटपर्यंत होते. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हटलं. ऐकायला कमी येतं, पण एकदा बोलायला लागले की थांबवावं लागत नाही. फोनवर रेकॉर्ड केलं, इथं कामापुरतं उतरवतो.

मी विचारलं, शोरूममध्ये किती गाड्या असायच्या?

“एकच. ती बी मालकाची.”

म्हणजे?

“आवं, इकायला गाडी व्हतीच कुठं? रोज सकाळी मालक घरनं गाडी घिऊन यायचं. आमी पुसायची, उतारावनं वर ढकलायची, काचंमागं लावायची. तोंड रस्त्याकडं. सांजच्याला मालक त्याच गाडीतनं घरी. लोकं काचंला नाक लावून बगायची. आमास्नी वाटायचं, सांगावं का आता ह्यास्नी?”

गाड्या आणायला मामा स्वतः जायचे. रात्रीच्या एसटीनं मुंबई, सकाळी कुर्ला, कागद होईस्तोवर दुपार. नव्या इंजिनाला पळवायचं नाही म्हणून मागच्या काचेवर ‘रनिंग इन’चा कागद चिकटवून हळूहळू परत. साताऱ्यात मुक्काम. खंबाटकीत पाणी गरम झालं तर एका हिंगणगावकर बाईंच्या विहिरीवरून बादली आणायची. “त्या बाईनं माझ्या डोळ्यांदेखत पंधरा फियाटी बगितल्या असत्याल. एकीत बी बसली न्हाई.”

मग पोट कशावर चालायचं?

“पेट्रोलपंप. कोपऱ्याव बर्माशेलचा पंप मालकांचाच. आनि सर्व्हिसिंग, पार्टं, आईल, फार्गोची कामं. गुळाचं ट्रक सगळं आमच्याकडं. फियाट म्हंजे, काय म्हणत्यात त्याला… देव्हाऱ्यातला देव. पूजा त्याची, पण खायाला घालतंय श्यात.”

ही मुलाखत संपल्यावर माझा प्रकल्प बदलला. आतापर्यंत मी एक दुकान शोधत होतो जे गाड्या विकायचं. मामांच्या सांगण्याप्रमाणं ते फारशा गाड्या विकतच नव्हतं.

निघताना विचारलं, बंद कशामुळं पडलं? मामाही म्हणाले, “मारुती.” पण या खेपेला आधी थोडं थांबले.

२६ जुलै

काम बंद. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या वर आहे. मिस्त्रींनी गाडी दोन ठोकळ्यांवर चढवून ठेवलीय. फोन करून म्हणाले, काळजी करू नका, उद्यमनगरात पाणी येत नाही. मी काळजी करतोय.

१८ ऑगस्ट

एजन्सीवाल्यांच्या धाकट्या पातीच्या सूनबाई राजारामपुरीत राहतात. वय सत्तरीच्या पुढं. मामांनी आपल्या भाच्याकरवी निरोप पोचवला होता. मी काकी म्हणालो.

पहिली गोष्ट त्यांनीच सांगितली : “लिहा, पण आमचं नाव छापू नका. घरात अजून काही गोष्टी मिटायच्या आहेत.” कबूल केलं. त्याच रात्री सगळ्या नोंदींतून नाव काढलं.

कागदपत्रांचं विचारलं. खातेवह्या, बिलबुकं, कंपनीची पत्रं, सगळं शाहूपुरीतल्या जुन्या घरात तळमजल्यावर लोखंडी कपाटात होतं. २०१९ च्या महापुरात कपाट पाच दिवस पाण्यात होतं. उघडलं तेव्हा आत लगदा. “फावड्यानं काढला,” काकी म्हणाल्या.

मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात म्हणाल्या, “एक वही आहे, पण ती तुमच्या कामाची नाही, ती भिशीची आहे.”

जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, हिशेबाच्या वहीएवढी. शेवटून उघडली तर भिशीचा हिशेब : बायकांची नावं, महिन्याचे पैसे, कुणाचा नंबर कधी. काकींच्या सासूबाईंनी १९८२ पासून चालवलेली. वही वरच्या मजल्यावर त्यांच्या शिलाई मशीनच्या खणात राहिली, म्हणून वाचली. उलटी करून पुढून उघडली, आणि पहिल्या पानावर रेघोट्या मारून रकाने : नंबर, तारीख, नाव, गाव, पोस्टाच्या पासबुकाचा नंबर, कंपनीस कळविले, डिलिव्हरी, शेरा.

एजन्सीचं बुकिंग रजिस्टर. एकाच वहीत पुढून मोटारीचे नंबर, मागून भिशीचे. फरक इतकाच की भिशीत प्रत्येकीचा नंबर लागलाय.

काकींनी वही घरी न्यायला दिली नाही, बरोबरच केलं. डायनिंग टेबलावर ठेवून एकेका पानाचा फोटो घेतला. १२६ फोटो. मधे दोनदा चहा झाला, एकदा धपाटे.

१ सप्टेंबर

रजिस्टरची सुरुवातीची सात-आठ पानं मोडीत आहेत, जुने मुनीम मोडीतच लिहीत असणार. मला मोडी आकडे जेमतेम कळतात. विद्यापीठाजवळ राहणारे मोडी वाचणारे एक स्नेही आहेत, त्यांना पाठवली. पुढं हात बदलतो, बाळबोध येते.

आठवडाभर फक्त नावं वाचतोय. गुळाचे अडते, डॉक्टर, वकील, इचलकरंजीचे कापडवाले, साखर कारखान्यांची मंडळी, एक-दोन इनामदार, एक सिनेमावाला. गावं गडहिंग्लज, निपाणी, जयसिंगपूर, मलकापूर. बायकांची नावं संपूर्ण रजिस्टरमध्ये तीन, त्यातल्या दोन डॉक्टर.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला नंबर लावल्यापासून गाडी मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं. १९६४ च्या नोंदींना पाच, सहा. डिलिव्हरीचा रकाना भरलेला बघितला तर महिन्याला एक गाडीही पडत नाही. मामा खरं बोलत होते. देशभरात सगळ्या कंपन्या मिळून सत्तरच्या दशकातही वर्षाला पन्नास हजारांच्या आतच मोटारी बनवत होत्या. त्यातून सरकारी कोटा जायचा, टॅक्सीचा जायचा, मुंबई-दिल्ली जायची. शाहूपुरीच्या काचेपर्यंत काय येणार? १९५९ चा मोटार वाटप-विक्रीचा कंट्रोल ऑर्डर होता, म्हणजे गाडी कुणाला आधी द्यायची हेही दुकानदाराच्या हातात नाही. आणि १९६९ मध्ये सरकारनं किमतीच ठरवून दिल्या. कंपन्या त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

माल हातात नाही, किंमत हातात नाही, गिऱ्हाईक आपोआप येतंय. असा धंदा करणारा माणूस दिवसभर करत काय असेल? वहीच्या शेरा रकान्यात उत्तर आहे. “भेटून गेले.” “पुन्हा भेटून गेले.” “रागावले.” “मुलीचे लग्नापूर्वी हवी म्हणतात.” “मयत. चिरंजीवांचे नावे करणे.”

८ सप्टेंबर

पट्टीमागचा ४१ म्हणजे बुकिंग नंबर असणार, अशी माझी खात्री होती. ४१ नंबरला इचलकरंजीचे एक गिरणीवाले आहेत, डिलिव्हरी १९६१. आमची गाडी १९७० ची. म्हणजे पट्टी दुसऱ्या गाडीवरची? मग डॅशबोर्डही दुसऱ्या गाडीचा? मग इंजिन? रात्री दोनपर्यंत चासी नंबर आणि आर.सी. बुक समोर घेऊन बसलो. नंबर जुळताहेत.

१५ सप्टेंबर

अजून ४१. या आठवड्यात इचलकरंजीच्या त्या घराण्यातल्या नातवापर्यंत पोचलो. तो सज्जन माणूस, पण त्याला आजोबांच्या गाडीचं काहीच माहीत नाही, आणि मी का विचारतोय तेही कळलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही.

२२ सप्टेंबर

४१ चा घोळ सोडून अडत्यांचं नाव शोधलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सापडले. नोंदणी एप्रिल १९६४, डिलिव्हरी डिसेंबर १९७०. साडेसहा वर्षं. शेरा रकान्यात शाईनं काही नाही. फोटो मोठा करून बघितला तेव्हा पेन्सिलीचा एकच शब्द दिसला, फिका : “कागल.”

अडते शाहूपुरीचे. कागलचे बाबा.

२३ सप्टेंबर

अक्काला विचारलं, बाबांचे कुणी अडते मित्र होते का? मित्र नाहीत, पेशंट होते, म्हणाली. मग तिला एकदम आठवलं : “नाक्यावर पोलिसानं अडवलं की बाबा म्हणायचे, गाडी शाहूपुरीच्या शेठजींची आहे, आम्हाला देवाला जायला दिलीय. मला वाटायचं गंमत करतात.”

घरातल्या अल्बममध्ये ज्योतिबाच्या डोंगरावरचा फोटो आहे, गुलालानं माखलेली गाडी आणि बॉनेटवर बसलेलो मी. मागं आईच्या अक्षरात ‘चैत्र यात्रा १९७१’. बाबांच्या नावावर गाडी झाली मार्च १९७३ ला. कंट्रोलच्या काळात नवी गाडी घेणाऱ्यानं ठराविक मुदतीपर्यंत ती विकायची नाही असा नियम होता, तो नेमका अशाच व्यवहारांना आळा घालायला. म्हणून कागदावर गाडी शेठजींची, किल्ली बाबांकडं. मुदत सरली, ट्रान्सफर झाली.

म्हणजे ऑन देऊन, ठरलेल्या किमतीवर वरचे पैसे मोजून घेतली. सगळे घ्यायचे, स्कूटरला द्यायचे, फोनला द्यायचे. तरी बाबांनी? ज्यांनी आयुष्यभर औषधाच्या कंपन्यांची डायरीसुद्धा घरात घेतली नाही?

१२ ऑक्टोबर

दसरा. दसरा चौकात सीमोल्लंघनाची गर्दी. छत्रपती घराण्याची ती भगव्या रंगाची जुनी मेबॅक हे कोल्हापुरातल्या प्रत्येक पोराचं पहिलं मोटारप्रेम. माझ्याही. सोनं लुटून झाल्यावर गर्दीत मामा भेटले, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे. तिथंच खिशातून पट्टी काढून मागचा ४१ दाखवला.

मामांनी चष्मा वर केला, पट्टी पालथी-उताणी केली आणि हसायला लागले. “ह्यो खणाचा नंबर हाय. पार्टाची मांडणी व्हती न्हवं, त्यात एकेचाळीसाव्या खणात ह्या पट्ट्या. खणाच्या दाराव एक नमुना मारलेला असायचा, आत काय हाय ते कळाय. ही नमुन्याची पट्टी. पट्ट्या संपल्या असतील, मग दाराची काढून तुमच्या गाडीला ठोकली कुनीतरी.”

कुणी?

“मीच असंल की.”

महिना घालवला मी यावर. आणि ते एजन्सीबद्दल बरंच काही सांगतं : १९७० च्या डिसेंबरात तिथं स्वतःच्या नावाच्या पट्ट्याही संपल्या होत्या.

१७ नोव्हेंबर

नगर भूमापनातून मालमत्ता पत्रकाची नक्कल मिळाली. ई वॉर्ड. उताराच्या दगडाची जागा हीच. धारकांच्या रकान्यात आधी मूळ मालक, मग दोन मुलगे समाईक, मग १९८१ ला वाटणीचा फेरफार, आणि त्याच वर्षी विक्री.

१९८१. मारुतीची पहिली गाडी इंदिरा गांधींनी दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती दिली ती १४ डिसेंबर १९८३ ला. एजन्सी त्याच्या दोन वर्षं आधी बंद झालेली. मिस्त्री, शाहूपुरीतले तीन दुकानदार, मामा, सगळे चुकले. किंवा सगळ्यांना दुसरंच काहीतरी आठवतंय.

२४ नोव्हेंबर

पुन्हा काकींकडं. मालमत्ता पत्रक पुढं ठेवलं. त्यांनी ते वाचलं, आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाटणीपत्र घेऊन आल्या. “वाचा. फोटो नको.”

वाचलं. थोरल्याकडं पेट्रोलपंप. बर्माशेल १९७६ मध्ये सरकारनं घेतली, पण कागदातही, काकींच्या तोंडीही ‘बर्माशेलचा पंप’च. धाकट्याकडं शोरूमची जागा. मग शेतं, घरं, दागिने, वर्कशॉपची हत्यारं, लोखंडी तिजोरी. तिजोरीच्या खाली, यादीत शेवटून दुसरी : “मोटार कंपनीची एजन्सी, हक्क व येणे-देणे यासह. किंमत धरलेली नाही.”

तिच्याखाली दोन टायपरायटर होते. त्यांची किंमत धरली होती.

पंप गेला तिथंच एजन्सी संपली. महिन्याला एक गाडीही न विकणारं दुकान सव्वीस-सत्तावीस वर्षं तेलाच्या पैशावर उभं होतं. धाकट्या भावानं सहा महिने ओढलं, मग जागा विकली. रजिस्टरमध्ये शेवटच्या पानावर ज्यांचे नंबर लागायचे राहिले त्यांच्यापुढं एकसारखा शेरा आहे : “पुण्यास वर्ग.”

मग मारुतीचं काय? काकी हसल्या. “आमच्या ह्यांनीच भरले होते की दहा हजार, त्र्याऐंशीला. बुकिंग उघडलं त्याच आठवड्यात. लॉटरीत नंबर लांब आला. दोन वर्षांनी पांढरी मारुती मिळाली. शाहूपुरीतनं पहिल्यांदा नेली तेव्हा जुने लोक रस्त्यावर उभे राहून बघत होते. फियाटवाला मारुतीतनं आला म्हणून.”

ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे नंबर लिहिले, ते स्वतः रांगेत उभे राहिले. गावाच्या लक्षात ती पांढरी गाडी राहिली, वाटणीपत्र नाही. ते कुणी बघितलंच नव्हतं.

८ डिसेंबर

बाबांच्या रोजच्या खर्चाच्या डायऱ्या. १९७० ची उघडायला मी अडीच महिने टाळाटाळ केली.

भाजी, दूध, कंपाउंडरचा पगार, स्पिरिट, कापूस. ११ डिसेंबरला गाडीची रक्कम, पंधरा हजारांच्या घरात, बँकेच्या ड्राफ्टचा नंबर लिहून. सगळं स्वच्छ. तीन दिवसांनी, १४ डिसेंबरला, एकच ओळ :

“गूळ : रु. ३,०००.”

आमच्या घरी गुळाचा एक रवा, म्हणजे एक ढेप, वर्ष पुरायचा. तीन हजारांचा गूळ म्हणजे तेव्हा ट्रक भरला असता. बाबांना खोटं लिहिता यायचं नाही, म्हणून त्यांनी अडत्याला दिलेले पैसे अडत्याच्या मालाच्या नावे घातले. शब्दशः खोटं नाही. खरंही नाही. त्यांच्या अक्षरात मी पहिल्यांदाच अशी ओळ बघितली, आणि ती इतर ओळींपेक्षा जरा बारीक लिहिलीय. की मला तसं वाटतंय.

१४ डिसेंबर

स्नेह्यांनी मोडी पानं वाचून पाठवली. त्यांत बेडफर्डचे शेवटचे हिशेब आणि “शिवडीचे पत्र आले, यापुढे माल नाही” अशी एक नोंद. ते पान फ्रेम करण्यासारखं आहे, काकींना विचारायला हवं.

५ जानेवारी २०२५

गाडी तयार. मूळचा फिका निळा रंग परत आला. मिस्त्रींनी पैसे सांगितल्यापेक्षा चार हजार जास्त घेतले आणि वर म्हणाले, “डॉक्टरांची गाडी म्हणून कमी घेतलंय.” शाहूपुरीतल्या एका छोट्या प्रदर्शनासाठी दोन फलक करायचे ठरलेत, नावाशिवाय. एक दुकानाचा : काचेमागची मालकाची गाडी, जाहिराती, रजिस्टरचे शेरे, वाटणीपत्रातली ओळ (काकींनी एवढ्या ओळीला परवानगी दिली). दुसरा एका गाडीचा, म्हणजे आमच्या.

दुसऱ्या फलकावर काय लिहायचं यावरून अक्काशी दोन दिवस चाललंय. मी म्हणतो, खरं ते लिहू, ऑन देऊन घेतली. अर्ध्या रजिस्टरनं तसंच केलं असणार. ती म्हणते, बाबा गेले, त्यांना आता बोलता येत नाही, तू कोण ठरवणार?

७ जानेवारी

रात्री दहाला तिचा फोन. डायरीच्या त्या पानाचा फोटो मी तिला पाठवला होता, तो चार-पाचदा बघितला म्हणाली.

“लिही. पण त्यांनी लिहिलंय तसंच लिही. गूळ, तीन हजार. ज्याला कळायचं त्याला कळेल.”

पट्टी निकेलला टाकलीय, गुरुवारी मिळेल. मूळचे स्क्रू मिळत नाहीत. त्या मापाचे उद्यमनगरातला टर्नर करून देणार आहे, दोनच हवेत म्हटल्यावर त्यानं डोक्याला हात लावला.